देवळालीच्या आजारी मुलांची चित्रं

मी चोर नाही. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा. नाशिकरोडला अजून अशा बायका आहेत ज्या मला भाजी घेताना बघितलं की एकमेकींना कोपराने ढोसतात. त्यांच्यासाठीही लिहितेय असं समजा.

इथे या साइटवर लोक आपापले अमानवीय अनुभव लिहितात ते मी वाचते आणि खरं सांगते, बहुतेक वेळा हसते. हायवेवर लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवर केस सोडून बसलेली बाई... कायम बाईच कशी असते, कोण जाणे! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी चित्रकलेची शिक्षिका. समोर जे दिसतं ते हाताने कागदावर उतरवायचं, दिसत नसेल तर काढायचं नाही — मुलांना मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं. त्यामुळे माझ्यासारखीवर हे लिहायची वेळ यावी याचाच मला संताप येतो.

तर, जागा. नाशिकरोडहून लॅम रोडने देवळाली कॅम्पला जाताना, कॅम्पच्या अलीकडे आत वळलं की एका ट्रस्टचं जुनं आरोग्यधाम होतं. नाव लिहीत नाही. देवळालीची हवा चांगली म्हणून पूर्वी तिथे आजारी मुलांना ठेवायचे. हाडांचा क्षय झालेली मुलं. औषधं नव्हती तेव्हाची गोष्ट — प्लास्टरमध्ये घालून पाठीवर झोपवायचं आणि वाट बघायची, बस. नंतर रोगाला गोळ्या आल्या, मुलं यायची बंद झाली आणि ती लांबलचक कौलारू वॉर्डाची इमारत नुसतीच उभी राहिली. मी दर हिवाळ्यात शाळेची मुलं घेऊन तिथे निसर्गचित्रं काढायला जायचे. झाडं छान होती, आणि कोणी हाकलत नसे. 

तिथे राखणीला भिवामावशी असायच्या. मूळच्या पेठच्या पलीकडच्या, डोंगरातल्या. पोरवयात आया म्हणून तिथे कामाला लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. तोंडात कायम मिश्री आणि जिभेवर कायम शिवी. मुलं रंगाचं पाणी व्हरांड्यात ओतायची म्हणून आमच्यावर खेकसायच्या, आणि मग स्वतःच सगळ्यांना कोरा चहा करून द्यायच्या.

१९९८च्या मे महिन्यात त्या मला शोधत थेट माझ्या घरी आल्या. घामाने भिजलेल्या, भर उन्हात चालत आलेल्या.

"मास्तरीणबाई, चल. वार्ड पाडतायत. पोरांचं सामान हाय वर माळ्यावर. ते मेलं जाळाया निघालंत."

मी रिक्षा करून गेले. अर्धी कौलं उतरवून झाली होती. चादरी ठेवायच्या खोलीवरच्या माळ्यातून मजुरांनी एक लाकडी खोकं खाली काढलं होतं, चहाच्या पेट्या असतात तसलं. शेजारी ट्रस्टचे सेक्रेटरी उभे होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, मीही तेच म्हणते. नाकाला रुमाल लावून उभे होते.

मी खोक्यात हात घातला आणि... काय सांगू. मुलांची चित्रं! शेकड्याने. ताप लिहायच्या तक्त्यांच्या पाठीवर, औषधांच्या वेष्टणांवर, वहीच्या कागदांवर. आणि चित्रांच्या खाली छोटी छोटी पुस्तकं — तळहाताएवढी, मुलांनी स्वतः कागद दुमडून, जाड दोऱ्याने शिवून केलेली. एकाच्या कव्हरवर लिहिलं होतं, 'माझे पुस्तक. किंमत दोन बिस्किटे'.

"भाऊसाहेब, हे मी नेऊ?"

"न्या न्या. टीबीच्या पोरांचे कागद ते, जाळायलाच काढलेत. जंतूबिंतू असतील हं, सांगून ठेवतो."

हे त्यांचे शब्द. माझ्यासमोर, मावशींसमोर, चार मजुरांसमोर. लेखी काही घेतलं नाही, कारण कचरा उचलताना कोणी लेखी घेतं का?

ती सुट्टी मी त्या खोक्यात घालवली. गच्चीवर चादर घालून कागदांना ऊन दिलं, मऊ ब्रशने धूळ काढली. माझा नवरा विलास प्रेसमध्ये नोकरीला होता, दिवसभर कागदच हाताळायचा. तोही ड्यूटीवरून आला की मांडी घालून बसायचा. "हा दोरा टाके घालायचा असणार गं, दवाखान्यातला," म्हणायचा.

ती चित्रं मी आजही डोळे मिटून सांगू शकते. पाठीवर पडून राहिलेल्या मुलांनी काढलेलं जग होतं ते. छत. छताच्या तुळया. तुळईवरचा कावळा, खालून दिसतो तसा — नुसतं पोट आणि दोन पाय. मेट्रनबाईंची हनुवटी, खालून. आगगाडी, पण ती कधी दिसलेली नाही, फक्त ऐकलेली, म्हणून एका मुलीने तिला सहा पाय काढले होते. कॅम्पातल्या तोफांचा सराव चालायचा, त्या आवाजाचंही चित्र होतं. एक काळा गोळा, आणि भोवती पलंगच्या पलंग हवेत उडालेले. आणि एक पुस्तक होतं, 'घरी गेल्यावर'. पहिल्या पानावर चिंचेचं झाड. दुसऱ्यावर नदी. तिसऱ्यावर नुसते दोन पाय, चप्पल घातलेले. पुढची पानं रिकामी होती.

बहुतेक चित्रांवर नाव नव्हतं. कुठे मराठी अक्षर, कुठे गुजराती, एकदोन इंग्रजी. भिवामावशी अधूनमधून यायच्या आणि हे कुसुमचं, हे त्या भडक डोक्याच्या सोराबचं, असं सांगायच्या. दुसऱ्या खेपेला तेच चित्र तिसऱ्याच्याच नावावर घालायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "मला काय लिवता येतंय? पोरं लय होती. कितीक आली, कितीक गेली."

"गेली म्हणजे घरी?"

त्या मिश्री थुंकायला उठायच्या.

आता पहिली विचित्र गोष्ट. जेल रोडला शिरीषचा फोटो स्टुडिओ होता, माझा जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, सगळ्या चित्रांचे फोटो काढून ठेवू, कागद फार जीर्ण आहेत. त्याने घरी येऊन अख्खा रोल काढला. धुऊन आणला तर प्रत्येक फोटोत कागद कोरा. टेबल दिसतंय, कडेला ठेवलेली पट्टी दिसतेय, पट्टीवरचे आकडेसुद्धा स्पष्ट. कागदाचा पिवळटपणा, फाटलेला कोपरा, टाचणीचा गंजलेला डाग — सगळं आहे. चित्र नाही.

मी त्याला झापलं. "एक्स्पोजर कळत नाही का तुला?" बिचाऱ्याने दुसरा रोल स्वतःच्या खर्चाने मारला. पुन्हा तेच. मग मी दोन चित्रं घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. मशीनमधून पांढरा कागद बाहेर आला. दुकानदाराने मूळ कागद उलटा घातला असेल म्हणून तपासला, पुन्हा घातला, पुन्हा पांढरा. "पेन्सिल फिकट आहे मॅडम," तो म्हणाला. लाल खडूने काढलेलं चित्र होतं ते! चांगलं रक्तासारखं लाल. त्याला दिसत होतं, मला दिसत होतं, मशीनला दिसत नव्हतं.

मला भीती वगैरे वाटली नाही. जुन्या कागदात काहीतरी केमिकल असेल म्हणून सोडून दिलं. काय करणार दुसरं?

जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात मी प्रदर्शन लावलं. हे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण ती चित्रं अस्तित्वातच नव्हती असंही पुढे काहींनी म्हणून बघितलं. दोन दिवस अख्खी शाळा त्या हॉलमधून गेली. पालक आले. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, 'घरी गेल्यावर'च्या तिसऱ्या पानापाशी उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. मला म्हणाल्या, "रोहिणी, आयुष्यात मी असं काही पाहिलं नाही गं." माझा हात हातात घेऊन म्हणाल्या. हे लक्षात ठेवा.

तिथेच कोणाच्या तरी ओळखीने मुंबईचा एक गॅलरीवाला आला. पांढरी दाढी, खादीचा कुर्ता. तासभर हिंडला. "धिस इज ए ट्रेझर," म्हणाला. माझ्याशी एवढंच बोलला आणि सरळ भाऊसाहेबांकडे गेला.

पुढच्या सोमवारी भाऊसाहेब टेम्पो घेऊन शाळेत हजर. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये मला बोलावणं आलं.

"जगताप बाई, ट्रस्टची मालमत्ता परत करा."

"मालमत्ता? तुम्ही जाळायला काढली होती ना?"

"मी तुम्हाला सांभाळायला दिली होती. काही लेखी आहे का तुमच्याकडे?"

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होत्या.

मी हात जोडले त्या माणसापुढे. आज ते आठवलं की अंगाची लाही होते, पण जोडले. म्हटलं, विकू नका. विकायचीच असतील तर सगळी एकत्र राहू देत, एकेक करून फोडू नका. नाशिकमध्येच कुठेतरी ठेवा. यातली काही मुलं आज म्हातारी होऊन कुठेतरी जिवंत असतील, त्यांचे भाऊबहीण असतील, आपण शोधू.

भाऊसाहेब हसले. "बाई, चित्रं तुम्ही काढलीत का? नाही ना? मग एवढा जीव कशाला टाकताय?"

"रोहिणी, देऊन टाक. शाळेला त्रास नको," मोठ्या बाई म्हणाल्या.

खोकं मीच भरलं. प्रत्येक थरामध्ये पातळ कागद घालून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्टाफरूमच्या टेबलावर. भाऊसाहेबांनी स्वतः वरची पाचदहा चित्रं उचलून पाहिली, मान डोलावली, झाकण लावलं आणि वर आपल्या हाताने सुतळी बांधली. टेम्पो गेला. 

त्यानंतर काही आठवड्यांनी मला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलं. शरणपूर रोडला होतं तेव्हा. गेले तर टेबलावर तेच खोकं. भाऊसाहेब उभे, तोंड लालभडक. शेजारी तो गॅलरीवाला, कपाळाला आठ्या घालून.

"चित्रं कुठे आहेत?"

मला वाटलं, खोकं रिकामं आहे. पुढे होऊन पाहिलं. कागद होते. सगळे होते. कोरे.

मी एक उचलला, दुसरा उचलला, पुस्तकं उघडली. कागद तेच होते! ही गोष्ट मी तेव्हापासून घसा फोडून सांगतेय आणि कोणी ऐकून घेत नाही. ताप लिहायचे तक्ते तेच, पुढच्या बाजूच्या शाईच्या नोंदी जशाच्या तशा. टाचणीचे गंज तिथेच. शिवणीचे टाके तेच, एका पुस्तकाचा एक टाका चुकून कव्हरवरून गेला होता तो तसाच. एका चित्राचा कोपरा कोणा पोराने चावला होता, दातांच्या खुणा होत्या, त्याही होत्या. मुलांनी लिहिलेली अक्षरंही गेली होती. मुलांनी काढलेलं-लिहिलेलं जे जे होतं, फक्त तेवढंच गेलं होतं.

"हुशार आहात," भाऊसाहेब म्हणाले. "असली ठेवून घेतलीत आणि रद्दी भरून दिलीत."

"तुम्ही स्वतः पाहिलीत ना भरताना? सुतळी कोणी बांधली?"

"वरची पाहिली. खाली काय होतं मला काय माहीत?"

"मग वरचीही कोरी कशी? आणि हा दात बघा... हा गंज बघा... मी हे सगळं नवीन बनवलं असं म्हणताय तुम्ही?"

"तुम्ही चित्रकलेच्या बाई. तुम्हाला काय अवघड आहे?"

माझ्या जन्मात मला इतका राग कधी आला नव्हता. भीती वाटायला हवी होती, खरं तर. माझ्या हातात कोरा कागद होता ज्यावर मी स्वतःच्या डोळ्यांनी लाल कोंबडा पाहिला होता, पण घाबरायला सवडच मिळाली नाही. समोर एक माणूस मला चोर म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी ते दोन माणसं घेऊन घरी आले. झडती घ्यायची म्हणे. कुठल्या अधिकाराने? मी दारात आडवी उभी राहिले. आणि विलास, माझा सख्खा नवरा, मागून म्हणाला, "बघू दे ना त्यांना. आपण काही केलेलं नाही, मग कशाला घाबरायचं?" त्यांनी कपाटं उचकली, गाद्या उलट्या केल्या, माझ्या लग्नाच्या साड्यांच्या घड्या मोडल्या. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून ते मला अधिकच बिलंदर समजले. विलासशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही. तो चांगला माणूस आहे. पण त्या दिवशी त्याने बाजूला व्हायला नको होतं.

शाळेत चौकशी बसली. संस्थेचे तीन सदस्य आणि समोर मी. मी म्हटलं, मोठ्या बाईंना विचारा, चित्रं त्यांनी पाहिली आहेत, हीच पुस्तकं, हेच कागद. तिसऱ्या पानावर काय होतं ते त्या सांगतील.

मोठ्या बाई म्हणाल्या, "गर्दी होती हो. मी काही नीट पाहिलं नव्हतं."

त्या पदराने डोळे पुसत उभ्या होत्या हो तिथे! मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी शेवटपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. पुराव्याअभावी मला काढलं नाही, पण चित्रकलेचे तास काढून घेतले आणि पहिलीच्या वर्गावर बसवलं. प्रदर्शनाच्या वेळी ज्या बायका माझ्याभोवती गोळा व्हायच्या त्या डबा खायला दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या. वर्ष संपायच्या आत मी राजीनामा दिला.

खोकं मात्र माझ्याकडे परत आलं. ट्रस्टचा शिपाई घेऊन आला आणि पायरीवर आपटून गेला. "साहेब म्हणाले, तुमची रद्दी तुम्हालाच." विलासने एकेक कागद खिडकीशी तिरका धरून पाहिला. म्हणाला, "रोहिणी, पेन्सिल दाबून लिहिली की कागदाला खोल रेघ पडते. खोडली तरी ती राहते. इथे तीही नाही. यावर कधी कोणी काही काढलेलंच नाही." आणि कागद परत खोक्यात ठेवला. चित्रं त्यानेही पाहिली होती. मांडी घालून, महिनाभर.

हिवाळ्यात मी ते खोकं घेऊन पेठच्या एसटीत बसले. वॉर्ड पाडल्यावर मावशी आपल्या गावी, लेकाकडे गेल्या होत्या. तसा त्यांच्याकडे जाण्यात काही अर्थ नव्हता. पण ज्यांना हे सांगता येईल असं दुसरं माणूसच मला उरलं नव्हतं. सावळघाट उतरून पुढे पेठ, तिथून जीप, मग पायी. खोकं डोक्यावर.

मावशी अंगणात उन्हाला बसल्या होत्या. भाताचं तूस एका बाजूला साठवलेलं, कोंबड्या टिपत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं. भाऊसाहेबांना त्यांनी लिहिता येणार नाहीत अशा चार शिव्या दिल्या. मग म्हणाल्या, "आण इकडं."

खोकं मांडीशी ओढलं, एक कागद काढला, नाकापाशी नेला आणि हसायला लागल्या.

"ही कुसूम. किती सांगितलं हिला, गाडीला पाय नस्तात. ऐकंल तर ना."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. "मावशी, कोरा आहे तो कागद."

"कोरा? डोळं माझं गेलंत का तुझं?"

मी खोक्यातून दातांच्या खुणा असलेला कागद शोधून काढला. त्यावर काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. मुद्दाम उलटा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि एका क्षणात फिरवून सुलटा केला.

"मेट्रन! नाकातलं केस बी काढलंत बघ मेल्यानं."

नाकातले केस. होते. दोन काळ्या भोकांतून बाहेर आलेले तीन-तीन केस. मी प्रदर्शनातसुद्धा ते कोणाला दाखवले नव्हते. कोणी म्हणेल, म्हातारीला जुनं आठवत असेल. असेल. पण कोऱ्या कागदाची वर-खाली बाजू कशी आठवते? मी एकामागून एक कागद देत गेले, उलटेसुलटे, मागचे पुढे करून, आणि त्या भातामधून खडे वेचावेत तशा सहज सांगत गेल्या. हा कावळा. ही चिंच. हे काय, तोफ उडाली वाटतं. ज्या तोंडाने त्यांनी मला शंभरदा चुकीची नावं सांगितली होती, ते आज एकदाही चुकलं नाही.

आणि मला राग आला. खरं सांगते. नतमस्तक वगैरे काही झाले नाही. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, अक्षरशः ओरडले, त्या खोक्यावर. "मग मला का नाही दिसत? त्या माणसाला नका दिसू, त्याची लायकी नाही. पण मी काय केलं? मी काढलं ना तुम्हाला जाळातून? माझी नोकरी गेली, माझं नाव गेलं तुमच्यापायी, आणि मलाच तोंड दाखवत नाही?"

कोंबड्या पळाल्या. मावशींची सून आतून नागलीच्या पिठाच्या हाताने बाहेर आली आणि दारातच थबकली.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "कोणावर वरडतेस? पोरांवर?"

मला धाप लागली होती.

"पोरंच ती. हलू नका म्हटलं की गप पडून राह्यची, वरीस वरीस. तुझी नोकरी न् तो भाऊसाहेब, त्यांना काय ठावं? बस खाली. भाकर खा."

मी बसले. भाकरी खाल्ली. निघताना खोकं तिथेच ठेवलं, कारण ज्या माणसाला ती चित्रं दिसत होती त्याच्याकडून ती परत नेण्याइतकी मी अजून बिघडले नव्हते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून रडले, पण ते दुःखाने नव्हे. माझा राग कोणावर काढायचा तेच आता मला कळत नव्हतं.

भिवामावशी तीनेक वर्षांनी गेल्या. मी उशिरा कळल्यावर गेले. सुनेने खोकं जपून ठेवलं होतं, तिने उघडून दाखवलं. तिलाही कोरेच कागद दिसत होते. मलाही. नेता का म्हणाली. मी नको म्हटलं. ते अजून तिथेच असेल.

आता शेवटचं, आणि हेच लिहायला मी बसले होते. मागच्या वर्षी, म्हणजे २००७ला, नाशिकमध्ये एका लग्नात भाऊसाहेब भेटले. म्हातारे झालेत, हातात काठी. जेवणं झाल्यावर आईस्क्रीमचा कप घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"जगताप बाई, आता वय झालं. कोणाला सांगणार नाही. खरं सांगा, कुठे ठेवलीत?"

इतक्या वर्षांनी! मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, "सांगते. आधी तुम्ही मला त्यातलं एक चित्र सांगा. कुठलंही एक. काय होतं त्यात?"

ते विचार करायला लागले. खरंच मनापासून विचार करत होते, ते मला दिसत होतं. आईस्क्रीम वितळून त्यांच्या बोटांवर आलं. शेवटी म्हणाले, "ते... मुलांची चित्रं होती ना?"

मी खुर्ची मागे सारून उठले आणि तिथून निघून आले.

कागद कोरे कसे झाले, मशीनला ती चित्रं आधीपासूनच का दिसत नव्हती, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती कशी दिसली — मला माहीत नाही. दहा वर्षांत कोणी मला पटेल असं एक कारण दिलेलं नाही. इथे शास्त्र शिकलेले बरेच जण आहेत, कोणाला खरंच काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त 'ताई, तुम्हाला भास झाला असेल' असं लिहू नका. मी फार वाईट बोलते.